भूत झाडावर, की झाडच भूत?

फेब्रुवारीत विज्ञान दिनाच्या एका कार्यक्रमात मी माझ्या डाळिंबावरच्या कामाबद्दल दहा मिनिटं बोललो. समोर अकरावी-बारावीची मुलं होती, त्यामुळे सोपं करून सांगायच्या नादात मी एक वाक्य टाकलं, की झाडालाही एक प्रकारची आठवण असते. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली आणि 'एक प्रकारची' हे दोन शब्द गळून पडले. तिसऱ्या दिवशी सांगोला तालुक्यातून फोन. नंबर कुठून मिळाला देव जाणे. "सर, झाडाला लक्षात राहतंय म्हणताय तर मग तेल्याची फवारणी बंद केली तर चालेल का?"

चालणार नाही, हे त्यांना पटवायला मला अर्धा तास लागला. पटलं की नाही हेही नक्की सांगता येत नाही. त्यांची दीडशे झाडं आधीच गेली होती आणि त्यांना माझ्या तोंडून एक शब्द ऐकायचा होता. मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आठवण हा शब्द पेपरवाल्यांनी घातला की तू?" मीच घातला होता.

त्या रात्री अभ्यास वगैरे काही झाला नाही. मी कपाटातून 'द स्वॅम्प थिंग'चा पहिला खंड काढला आणि पुन्हा वाचला. या ब्लॉगवर एरवी पानं, जिवाणू आणि पीसीआर असतं, त्यामुळे आज कॉमिक्सवर लिहितोय म्हणून काही जण नाक मुरडतील. पण झाडाला आठवण असली तर ती कशी असेल, हा प्रश्न मी वाचलेल्या शोधनिबंधांपेक्षा एका भयकॉमिकने जास्त धीटपणे विचारलाय. आणि तेच कॉमिक पुढे जिथे फसतं, तिथे मीही त्या कार्यक्रमात फसलो होतो. म्हणून हे सगळं.

आधी थोडं मागे जातो. आमच्या घरात कॉमिक्स आली ती काकांमुळे. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत त्यांची इंद्रजाल कॉमिक्स होती, कडा वाळवीने कुरतडलेली. टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं आणि १९९० पर्यंत आठशेच्या वर अंक काढले. ली फॉकचा फँटम त्यात मराठी बोलायचा आणि त्याचं मराठी नाव होतं वेताळ. लहानपणी यात मला काहीच विचित्र वाटलं नाही. आता वाटतं. जांभळ्या कपड्यातला, कवटीच्या गुहेत राहणारा, चाच्यांना ठोसे मारणारा हा गोरा माणूस, आणि त्याला नाव दिलं ते थेट भुतांच्या राजाचं. कोकणात नि गोव्यात ज्याची देवळं आहेत, चांदोबात जो दर महिन्याला विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगायचा, तो वेताळ. आमच्या भाषेत आलेला पहिला मोठा सुपरहिरो असा भुताचं नाव लावून आला. आणि गंमत म्हणजे त्या नावामुळे तो कुणाला भीतिदायक वाटला नाही. उलट भूतच आपल्या बाजूचं झालं.

आता आपल्याकडची भुतं आठवून बघा. मुंजा पिंपळावर. हडळ चिंचेवर. विक्रम-वेताळातलं प्रेत शिंशपाच्या फांदीला लटकलेलं. के. सी. शिवशंकरन यांनी चांदोबासाठी काढलेलं ते चित्र, एका हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागे वाकडीतिकडी झाडं, हे माझ्या वडिलांच्या पिढीच्या डोक्यात कायमचं छापलं गेलंय. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. भूत झाडावर राहतं. झाड स्वतः भूत नसतं. झाड म्हणजे भुताची खोली. त्याला काही वाटत नाही, ते काही करत नाही. पिंपळ तोडला की मुंजा बेघर होतो, पिंपळाला काय झालं हे कुणी विचारत नाही. २०२४ च्या 'मुंज्या' सिनेमातही मामला हाच. झाड आहे, पण गोष्ट झाडाची नाही.

एक अपवाद मला सापडतो, आणि तो जबरदस्त आहे. राही अनिल बर्वेच्या 'तुंबाड'मध्ये (२०१८) विनायक मोठा होऊन वाड्यात परत येतो तेव्हा ती शापित म्हातारी अजून जिवंत असते, आणि तिच्या देहातून झाड उगवलेलं असतं. माणूस कुठे संपतो आणि मूळ कुठे सुरू होतं ते कळत नाही. तिथे झाड खोली नाही, झाड म्हणजेच शरीर आहे. थिएटरमध्ये माझ्या शेजारचा माणूस हस्तर आल्यावर ओरडला. मला मात्र त्या म्हातारीच्या प्रसंगात पोटात गोळा आला. झाड मरत नाही, ही गोष्ट मी रोज बघतो. डाळिंबाची फांदी छाटली, तिला पाणी दिलं, ती पुन्हा फुटते. माणसाला ही क्षमता मिळाली तर तो वर नसून शिक्षा असेल, हे तुंबाडने एका दृश्यात सांगितलं.

स्वॅम्प थिंग याच जातीचा आहे. तो जन्मला १९७१ मध्ये, 'हाउस ऑफ सिक्रेट्स'च्या ९२ व्या अंकात. लेखक लेन वाइन, चित्रकार बर्नी राइटसन. कल्पना साधी: ॲलेक हॉलंड नावाचा शास्त्रज्ञ लुइझियानाच्या दलदलीत झाडं वाढवणाऱ्या रसायनावर काम करत असतो, स्फोट होतो, तो जळत दलदलीत पडतो आणि शेवाळा-मुळांचा राक्षस होऊन बाहेर येतो. पुढे बरीच वर्षं एकच ताण होता, हा परत माणूस होईल का? 'बिचारा नायक' छापाची गोष्ट. दुःख आहे, पण भय फारसं नाही.

मग १९८४ च्या सुरुवातीला ॲलन मूर नावाच्या इंग्रज लेखकाकडे ही मालिका आली आणि २१ व्या अंकात, 'द ॲनाटॉमी लेसन'मध्ये, त्याने तो ताणच मोडून टाकला. चित्रं स्टीफन बिसेट आणि जॉन टॉटलबेन यांची. स्वॅम्प थिंगला गोळ्या घालून मारलेलं आहे, प्रेत एका कंपनीच्या शीतगृहात आहे, आणि जेसन वुड्रू नावाचा वनस्पतितज्ज्ञ (स्वतःच अर्धा झाड असलेला, विक्षिप्त) शवविच्छेदन करतोय. त्याला आत अवयव सापडतात. फुप्फुसासारखं काहीतरी, पण ते हवा ओढू शकत नाही. हृदयासारखं काहीतरी, पण ते रक्त ढकलू शकत नाही. मेंदूसारखं काहीतरी, जे मेंदू म्हणून निरुपयोगी आहे. सगळं वनस्पतीचं, सगळं नकली. झाडाला फुप्फुस कशाला हवं?

वुड्रूचा निष्कर्ष असा: माणसाचं झाड झालेलंच नाही. माणूस मेला. त्याच्या देहावर वाढलेल्या वनस्पतीला आपण तो माणूस आहोत असा भ्रम झाला, आणि त्या भ्रमापोटी तिने हृदय, फुप्फुस, चेहरा घडवला. ज्याला परत माणूस व्हायचं होतं तो कधी माणूस नव्हताच. पुढे ते झाड जागं होतं, स्वतःवरचा अहवाल स्वतः वाचतं, आणि मग जे होतं ते तुम्ही वाचाच.

कॉमिक्समधली प्रयोगशाळा बहुतेक वेळा म्हणजे रंगीत द्रव आणि ठिणग्या. या अंकातली प्रयोगशाळा खरी वाटते, कारण तिथे एक माणूस एक विसंगती हातात धरून बसलाय आणि ती सुटत नाही म्हणून अस्वस्थ आहे. आठवडे न् आठवडे. ही अस्वस्थता मला ओळखीची आहे. आणि उत्तर सापडल्यावर ते ऐकायला वरिष्ठ तयार नाहीत, हेही ओळखीचं आहे (माझ्या मॅडम अपवाद, हे वाक्य त्या वाचणार आहेत म्हणून लिहीत नाहीये).

आता यातली विज्ञानाची बाजू. वुड्रू आपल्या निष्कर्षाला आधार म्हणून प्लॅनेरियन नावाच्या चपट्या कृमींचा प्रयोग सांगतो. हा प्रयोग मूरने कल्पनेतून काढलेला नाही. मिशिगन विद्यापीठात जेम्स मॅकॉनेल यांनी या कृमींना प्रकाश आणि विजेचा धक्का यांची सांगड शिकवली, मग शिकलेल्या कृमींचे तुकडे करून न शिकलेल्यांना खाऊ घातले, आणि १९६२ मध्ये जाहीर केलं की खाणारे कृमी तीच गोष्ट लवकर शिकतात. म्हणजे आठवण खाता येते! वर्तमानपत्रांनी ते डोक्यावर घेतलं. पण इतरांनी करून बघितलं तेव्हा निकाल धडपणे मिळेनात, आणि हळूहळू तो विषय बदनाम होऊन मागे पडला. गोष्ट तिथेही पूर्ण संपली नाही. २०१३ मध्ये टफ्ट्स विद्यापीठात शोमरात आणि लेविन यांनी अशाच कृमींना एका जागेची सवय लावली, त्यांची डोकी कापली, नवी डोकी उगवू दिली, आणि दाखवलं की थोडी उजळणी दिली तर ते कृमी ती सवय इतरांपेक्षा लवकर पकडतात. मेंदू नवा, तरी काहीतरी उरलं. काय उरलं आणि कुठे उरलं, हा प्रश्न उघडाच आहे.

तर मूरचा अंक उभा आहे तो डळमळीत प्रयोगावर. तरीही तो मला खोटा वाटत नाही. त्याने विज्ञानाकडून एकच गोष्ट उसनी घेतली, आठवण एका जिवातून दुसऱ्यात जाऊ शकते ही, आणि नंतर फसवणूक केली नाही. ती एक गोष्ट मानली की पुढचं सगळं आपोआप येतं: निरुपयोगी फुप्फुस, खोटा चेहरा, माणूसपणाचा भ्रम. तुंबाडमध्येही हेच आहे. हस्तरला पीठ लागतं, तो रिंगणात येऊ शकत नाही, एवढे दोन-तीन नियम ठरले की मग दिग्दर्शक त्यांच्याबाहेर जात नाही. नियम पाळणारं भूत जास्त भीतिदायक असतं. ज्याला काहीही करता येतं त्याची भीती पाच मिनिटांत जाते.

आणि इथे सुपरहिरोची अडचण सुरू होते, कारण त्याला दर अंकात आधीपेक्षा जास्त काहीतरी करता यावं लागतं.

२०२१ मध्ये डीसीने स्वॅम्प थिंग राम व्ही या लेखकाकडे दिला. हा मुंबईचा, शिक्षणाने केमिकल इंजिनिअर, आता लंडनमध्ये लिहितो. चित्रं माइक पर्किन्सची, रंग माइक स्पायसरचे, आणि अक्षरलेखन आदित्य बिडीकरचं. श्रेयनामावलीत ते मराठी आडनाव वाचून मला झालेला आनंद इथे लपवत नाही. कॉमिक्समध्ये अक्षरलेखकाकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण झाड बोलतंय, तर त्याचा आवाज कसा 'दिसेल', हे ठरवणारा माणूस तोच. मालिका आधी दहा अंकांची होती, वाचकांनी उचलून धरल्यावर सोळापर्यंत वाढवली.

नवा स्वॅम्प थिंग आहे लीव्हाय कामेई, काझीरंगाचा मुलगा, अमेरिकेत स्थिरावलेला. वडिलांच्या मृत्यूनंतर भारतातून परत गेलाय. मागे एक औद्योगिक कंपनी आहे, तिला काझीरंगाच्या पाणथळीत काहीतरी उभारायचं आहे. लीव्हाय त्या कंपनीसाठी काम करत होता, वडील विरोधात होते, आणि भाऊ जेकब त्याला माफ करायला तयार नाही. ही बाजू आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. गावात प्रकल्प येतो, घरातला शिकलेला मुलगा कंपनीच्या बाजूला आणि बाप मोर्चात, अशी घरं प्रत्येक जिल्ह्यात आहेत.

पहिल्याच अंकात राम व्ही एक हुशार चाल खेळतो. दलदलीच्या राक्षसाची मालिका तो वाळवंटात सुरू करतो. ॲरिझोनाचा कोरडा प्रदेश, तिथे 'पेल वाँडरर' नावाची जुनी दंतकथा माणसं मारत फिरतेय, आणि तिच्यासमोर उभा राहतो हिरवा देह. सोलापुरात बसून हे वाचताना वेगळीच मजा येते. अमेरिकेतल्या वाचकाला वाळवंट म्हणजे झाडांचा अभाव वाटत असेल. नान्नजच्या माळावर ज्याने एप्रिलमध्ये आणि मग जुलैच्या पहिल्या पावसानंतर पाय ठेवलाय त्याला माहीत असतं की तिथे अभाव वगैरे काही नाही. बिया आहेत, गवताची खोडं आहेत, सगळं खाली वाट बघत पडलंय. कोरड्या जमिनीतली वनस्पती ही मुळात थांबून राहणारी गोष्ट आहे. झाडाच्या आठवणीबद्दल बोलायचं तर सुरुवात दलदलीतून न करता इथूनच करायला हवी, आणि राम व्हीने ती केली.

मूरचा प्रश्न होता: मी माणूस नाही तर मी कोण? माझ्या वाचनात राम व्हीचा प्रश्न उलट्या बाजूने येतो: एवढी मोठी हिरवी सृष्टी असताना तिला एका माणसाची, त्याच्या अपराधी मनाची गरज का पडावी? लीव्हाय रूप बदलतो तेव्हा त्याला ते स्वप्नासारखं वाटतं, अंगावर आल्यासारखं. पर्किन्सच्या रेषा इतक्या दाट आहेत की पानांतून चेहरा शोधायला डोळ्यांना क्षणभर श्रम पडतात, आणि तो क्षण महत्त्वाचा आहे. त्या क्षणी तुम्ही समोरच्या गोष्टीला 'तो' म्हणायचं की 'ते' हे ठरवलेलं नसतं.

पहिले तीन-चार अंक असे आहेत. मग सुसाइड स्क्वॉड येतं.

म्हणजे बंदुका, कवच घातलेले लोक, टोमणे, धावपळ. राम व्हीचा दोष म्हणण्यापेक्षा ही डीसीची सवय म्हणावी. त्या विश्वात राहायचं तर शेजारी घरात येणारच. पण त्या अंकांमध्ये स्वॅम्प थिंगचं झाडपण ही केवळ शक्ती बनते. वेल फेकणं, मूळ गुंडाळणं, जखम भरून काढणं. स्पायडरमॅनचं जाळं आणि याची वेल यांत फरक उरत नाही. शेवटच्या सहा अंकांत व्याप आणखी वाढतो. तिसऱ्या खंडाचं नावच 'द पार्लमेंट ऑफ गिअर्स' आहे, म्हणजे झाडांच्या संसदेसमोर यंत्रांची संसद. कल्पना म्हणून भव्य आहे आणि काही पानं डोळ्यांचं पारणं फेडतात. पण तिथे झाडं भाषणं करतात. माणसासारखी युक्तिवाद करणारी झाडं मला भीती घालत नाहीत. सात-आठ पानांनंतर कंटाळा आणतात.

एक तक्रार आणखी. काझीरंगा आपल्याकडे येतं ते बहुतेक आठवणींच्या तुकड्यांत. वडील, भाऊ, पाणथळ, अपराध. मला तिथे जास्त वेळ राहायचं होतं. काझीरंगाची खरी ओळख माणसापेक्षा उंच गवत आहे. गेंडा त्यात उभा असला तरी दिसत नाही. लुइझियानाच्या शेवाळी दलदलीतला देव आणि गवताळ पुराच्या प्रदेशातला देव एकसारखा कसा असेल? गवत दरवर्षी जळतं, पुरात बुडतं, परत येतं. त्याची आठवण झाडासारखी नसणार. राम व्हीने हा धागा ओढला असता तर मूरपेक्षा वेगळं काहीतरी नक्की हाती लागलं असतं, असं मला वाटतं. सोळा अंकांत जागा होती.

तो हे करू शकतो हेही मला माहीत आहे, कारण त्याने ते आधी केलंय. 'दीज सॅव्हेज शोअर्स' (२०१८-१९, व्हॉल्ट कॉमिक्स) फक्त पाच अंकांची आहे. चित्रं सुमित कुमारची, रंग व्हित्तोरिओ अस्तोनेचे, अक्षरं पुन्हा बिडीकरची. १७६६ साल. लंडनहून एक उमराव व्हॅम्पायर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून मलबार किनाऱ्यावर उतरतो. त्याला वाटतं आपण शिकारी, हे सगळे भक्ष्य. मग जंगलात त्याची गाठ बिशनशी पडते, आणि बिशन त्याच्यापेक्षा फार जुना आहे. पुढे कंपनी, कालिकतचा झामोरिन, युद्ध, सगळं येतं, पण पानाची चौकट बहुतेक वेळा नऊ घरांची शिस्तशीर राहते आणि बिशनला काय काय जमतं याची यादी लेखक आपल्याला कधीच देत नाही. त्यामुळे पाचव्या अंकापर्यंत तो अनोळखी उरतो. तो कोरीवर प्रेम करतो, तरीही अनोळखी. सुपरहिरो आणि राक्षस यांतला फरक मला विचारला तर मी हे पुस्तक हातात देईन. मुंबईच्या आनंद राधाकृष्णनबरोबर याच लेखकाने 'ब्लू इन ग्रीन' केलं, जॅझ वाजवणाऱ्या माणसाची भयकथा, आणि त्यातल्या रंगचित्रांसाठी आनंद आणि जॉन पिअर्सन यांना २०२१ चा आयस्नर पुरस्कार मिळाला. तेही वाचा, पण दिवसा.

नव्या सुपरहिरो कॉमिक्सबद्दल थोडक्यात: २०२४ च्या शेवटी डीसीने 'ॲब्सोल्यूट' मालिका काढल्या, त्यात स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटाचा बॅटमॅन श्रीमंत नाही, त्याच्याकडे बंगला नाही. मला तो आवडतो, आणि कारण वरचंच आहे. काढून घेतल्यावर नायक रंजक होतो. बाकी बऱ्याच मालिका मी चाळतो आणि विसरतो.

आता परत डाळिंबाकडे, कारण फोनवरच्या त्या शेतकऱ्याचं उत्तर अजून इथे दिलेलं नाही.

तेल्या हा झँथोमोनास जातीच्या जिवाणूने होतो. पावसाच्या उडालेल्या थेंबांबरोबर तो पानाच्या रंध्रांतून, जखमांतून आत शिरतो, आणि मग पानांवर, फळांवर ते तेलकट डाग. माझं काम प्रायमिंगवर आहे. रोपाला आधी सौम्य इशारा द्यायचा, उदाहरणार्थ सॅलिसिलिक आम्लाची हलकी मात्रा. रोप लगेच काही मोठं करत नाही. पण नंतर खरा जिवाणू आला की ते इशारा न मिळालेल्या रोपापेक्षा लवकर आणि जोरात प्रतिकार करतं. म्हणजे इशारा आणि हल्ला यांच्यामधल्या काळात रोपात काहीतरी टिकून राहिलंय: काही प्रथिनं तयार स्थितीत साठतात, डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोनवर खुणा राहतात, काही जनुकं उघडायला सोपी होतात. यालाच आम्ही घाईत 'आठवण' म्हणतो. पण यात कुणी आठवत नाहीये. दार किलकिलं ठेवलंय, इतकंच. काही दिवसांनी ते पुन्हा बंदही होतं, आणि जिवाणूंचा लोंढा मोठा असेल तर किलकिल्या दाराने काही होत नाही. फवारणी, छाटणी, बागेची स्वच्छता, यातलं काहीच सोडता येत नाही.

माझ्या क्षेत्रात हा मोह सगळ्यांनाच होतो. लाजाळूची कुंडी पंधरा सेंटिमीटरवरून पुन्हा पुन्हा खाली सोडली तर ती पानं मिटायची थांबते आणि सुमारे महिन्यानंतरही ते 'लक्षात' ठेवते, असा मोनिका गॅलियानो आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा निबंध आहे. २०१६ मध्ये त्यांनी वाटाण्याचं रोप वाऱ्याचा आणि प्रकाशाचा संबंध शिकतं असं म्हटलं. २०२० मध्ये केसी मार्केल यांनी जास्त रोपं घेऊन तोच प्रयोग केला तेव्हा तो परिणाम दिसला नाही. जंगलातली झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांना अन्न आणि निरोप पाठवतात, ही कल्पना १९९७ च्या सुझान सिमार्ड यांच्या निबंधानंतर जगभर पसरली. २०२३ मध्ये याच विषयात काम करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांनी सगळा पुरावा पुन्हा तपासला आणि म्हटलं की खऱ्या जंगलातला पुरावा लोकप्रिय दाव्यांच्या मानाने फार अपुरा आहे. मूरने 'द ग्रीन', म्हणजे सगळ्या वनस्पतींना जोडणारं एक मन, १९८४ मध्येच लिहिलं होतं. पुढे वर्तमानपत्रांनी जंगलाबद्दल जे लिहिलं ते वाचताना कधीकधी वाटतं, हे शोधनिबंधापेक्षा कॉमिकमधून आलंय. आणि तेही मूरच्या २१ व्या अंकातून नाही. नंतरच्या, झाडं भाषण करतात त्या अंकांतून.

झाडाला आई म्हणायचं, योद्धा म्हणायचं, शहाणं म्हणायचं, हे सगळं म्हणजे त्याला जांभळे कपडे घालून वेताळ करणं आहे. मग ते आपल्या बाजूचं होतं आणि आपण निर्धास्त होतो. सांगोल्याच्या त्या माणसाने नेमकं हेच केलं, आणि कपडे मी शिवून दिले होते. शीतगृहातलं ते निरुपयोगी फुप्फुस मला तेव्हा आठवायला हवं होतं.

त्यांना मी नंतर परत फोन केला. बागेत प्रायमिंगचे प्रयोग कुठल्या टप्प्यावर आहेत, त्यातून आज त्यांना काय मिळू शकतं (फारसं काही नाही) आणि केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा सल्ला कुठे मिळेल, ते सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे झाडाला आठवण नाही." मी म्हटलं, तसंही नाही. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "मग नीट काय ते लिहून पाठवा की सर, मराठीत." ते पान लिहिणं चालू आहे. 'आठवण' शब्दाच्या जागी अजून दुसरा शब्द सापडलेला नाही. कुणाला सुचला तर कळवा. स्वॅम्प थिंगचा दुसरा खंड सध्या विभागातल्या एका ज्युनिअरकडे आहे, तिने दोन महिन्यांत परत केलेला नाही, आणि ती हा ब्लॉग वाचते.